यारीचा मागचा पाय

“हे कुठं टेकलंय?”

कोणत्याही खोलीत शिरल्या की आमच्या फिजिक्सच्या मॅडम आधी हे विचारायच्या. बाकीचं बोलणं नंतर. नजर आधी वर जायची, भिंतीवरच्या कपाटाकडं, पंख्याकडं, माळ्यावरच्या खोक्यांकडं, आणि मग हळूहळू उतरत जमिनीपर्यंत यायची. तोवर उजवा हात पुढं झालेला असायचा, तळवा उघडा. काही पडलंच तर त्या एवढ्याशा हातानं काय थांबणार होतं कोण जाणे, पण तो हात पुढं व्हायचाच.

मी निपाणीच्या एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात प्रयोगशाळेचा अटेंडर. बारावीला फिजिक्समध्येच नापास झालो आणि पुढं सगळी नोकरी त्याच विषयाची काचेची भांडी पुसण्यात गेली. बरेच लेक्चरर बघितले. कुणी रागीट, कुणी झोपाळू. पण भित्रं माणूस हे एकच. तुम्हीही तुमच्या शाळा-कॉलेजात असं एखादं माणूस बघितलं असेल, ज्याच्या भीतीला सगळे हसतात आणि ते स्वतः मात्र हसत नाही.

मॅडम पंख्याच्या बरोबर खाली कधी बसल्या नाहीत. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची कोपऱ्यात, पिलरला लागून. मी शिडीवर चढलो की दोन्ही हातांनी शिडी धरून उभ्या राहायच्या, हाताखाली शिपाई असला तरी. एकदा पेपर तपासणीसाठी बेळगावला कॅम्पात गेलो होतो. तिथल्या रस्त्यावर जुनी झाडं, त्यांच्या फांद्या रस्त्यावर आलेल्या. मॅडम फुटपाथ सोडून रस्त्याच्या मधोमध चालायला लागल्या. मागून मिलिटरीचा ट्रक हॉर्न वाजवतोय, आणि ह्या मला सांगतायत, “आप्पा, त्या फांदीच्या बुडात बघा, ढोली हाय. इकडनं या.”

“मॅडम, फांदी पडायच्या आधी ट्रकच अंगावर येईल की.”

“ट्रकला ब्रेक हाय,” त्या म्हणाल्या. “फांदीला कुठाय?”

गॅदरिंगच्या दिवशी त्यांनी पाहुण्यांची खुर्ची कमानीखालून चार हात मागं घ्यायला लावली. प्रिन्सिपॉल वैतागले. पोरं त्यांना ‘टेकू मॅडम’ म्हणायची, आणि ते त्यांना माहीत होतं.

शिकवायच्या मात्र अशा की मीसुद्धा दारात उभा राहून ऐकायचो. मीटरपट्टी एका धारेवर मधोमध ठेवायच्या. एका बाजूला मोठं वजन धारेजवळ, दुसऱ्या बाजूला लहान वजन लांब टोकाला. पट्टी आडवी, शांत. मग त्या वर्गाकडं वळून हळू आवाजात सांगायच्या, “गप्प हाय म्हणून हिच्यावर कुणाचा जोर न्हाय असं समजू नका. दोन्हीकडनं जोर हाय. सारखा हाय, म्हणून गप्प हाय. ह्यातलं एक वजन बोटभर सरकवलं की बघा.” आणि सरकवायच्या. पट्टी खाली आदळायची. शंभर वेळा केलेला प्रयोग, पण त्या आवाजाला दरवेळी त्यांचे डोळे घट्ट मिटायचे.

मला वाटायचं, बाईमाणूस, एकटी राहते, म्हणून भिते. माणूस असंच काहीतरी सोपं कारण शोधून मोकळं होतं.

माझी मुलगी त्यांच्यामुळं बारावीला फिजिक्समध्ये पास झाली. बायको मागंच लागली की मॅडमना एकदा शेतावर जेवायला आणा. आमचं शेत सदलग्याजवळ. मॅडमनी दोन-तीनदा टाळलं. शेवटी मार्चमध्ये एका रविवारी आल्या. त्या वेळी आमच्या वरच्या तुकड्यात विहीर खोल करायचं काम चालू होतं. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही.

तुम्ही यारी बघितली नसेल तर सांगतो. विहीर खोदताना काठावर लोखंडाची एक क्रेन उभी करतात, तिला आमच्याकडं यारी म्हणतात. तिचे पुढचे पाय काठाजवळ. लांब हात विहिरीवर झुकलेला, त्याला तारेचा दोर, दोराला लोखंडी डबा. खाली गडी डब्यात दगडमाती भरतात, वर ऑपरेटर इंजिनावर डबा ओढतो. पुढचं वजन खेचून यारी विहिरीत जाऊ नये म्हणून मागं दोन लांब गर्डर असतात आणि त्यांच्या टोकावर दगड रचून ठेवतात. तेवढ्या दगडांवर सगळा खेळ.

त्या दिवशी विहिरीत चौघं होते. तिघं गडी आणि माझा धाकटा भाऊ बाळू. विहीर साठ फूट खोल, अजून पायऱ्या नाहीत. वर यायचं तर त्याच डब्यात उभं राहून.

मॅडम बांधावरून चालत आल्या, यारी दिसली आणि जागीच थांबल्या. मला वाटलं पायात काटा मोडला. चेहरा पार उतरलेला. बायकोनं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं, तर तांब्या हातात धरून त्या तशाच उभ्या. डबा वर येत होता. त्या डब्याकडं बघतच नव्हत्या. यारीच्या मागच्या बाजूला बघत होत्या.

“आप्पा,” त्या म्हणाल्या, “मागचा पाय उचलतोय.”

मी बघितलं. डबा विहिरीच्या तळावरून सुटला की मागच्या गर्डरची टोकं दोन बोटं वर यायची. डबा रिकामा झाला की पुन्हा टेकायची.

माझा थोरला भाऊ, अण्णा, तिथंच उभा होता. तो हसून म्हणाला, “रोजच उचलतंय, मॅडम. लोखंड हाय, वाकणारच की. तुम्ही जेवून घ्या.”

“मागं वजन किती ठेवलंय?”

“हाय की पुरेसं.”

आता इथं मला जे सांगायचंय ते सांगायला अजून जीभ जड होते. मागचे दगड कमी झाले होते आणि ते मीच काढायला लावले होते. आठ दिवसांपूर्वी मोटारीच्या खोलीचं जोतं चाललं होतं. यारीच्या मागं चांगले सपाट काळे दगड पडलेले. मीच गवंड्याला म्हणालो, “लांब कशाला जातोस, त्यातले घे. अजून लई हायत.” त्यानं निम्मे नेले. अण्णालासुद्धा ते नीट माहीत नव्हतं. मॅडमनी विचारलं तेव्हा मला आठवलं, आणि मी गप्प बसलो. पाहुण्यांसमोर अण्णा चारचौघांत बोलेल, एवढीच भीती. खाली माझा भाऊ होता आणि मला अण्णाच्या बोलण्याची भीती वाटत होती.

मॅडम ऑपरेटरकडं गेल्या. तो पलीकडच्या कन्नड गावचा. त्या त्याच्याशी कन्नडमध्ये बोलल्या, काम थांबवा म्हणाल्या. त्यानं मान हलवली. “येनू आगंगिल्ल री,” तो म्हणाला. काही होत नाही. आणि इंजिनाचा दांडा ओढला.

ह्या वेळचा डबा वेगळा होता. खाली सुरुंगानं सुटलेला एक अख्खा दगड गड्यांनी डब्यात घातला होता, फोडायचा कंटाळा करून. डबा वीस-पंचवीस फूट वर आला असेल. मागची टोकं दोन बोटं उचलली, मग चार, आणि मग वीतभर वर गेली आणि तिथंच राहिली. रचलेल्या दगडांतला एक घरंगळून खाली पडला. ऑपरेटरनं घाबरून ब्रेक दाबला, त्या झटक्यानं सगळी यारी पुढं कलली आणि कुरकुरली. तो आवाज मी आजही झोपेत ऐकतो.

ऑपरेटर सीटवरून उडी मारायला उठला.

“इळीब्याड्री,” मॅडम म्हणाल्या. उतरू नका. ओरडल्या नाहीत. वर्गात बोलायच्या तसाच हळू आवाज. “कुंडर्री, बसा. ब्रेक सोडू नका. तुम्ही उतरला तर तुमचं वजन मागनं कमी होतंय.” तो बसला.

अण्णा तारेकडं धावला, दोर धरायला. मॅडमनी त्याचा दंड धरला. “तिकडं न्हाय. पुढं कुणी जायचं न्हाय. सगळे मागं या.”

आणि त्या स्वतः गेल्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. वर उचललेल्या त्या गर्डरच्या अगदी शेवटच्या टोकाला दोन्ही हात टेकून त्या चढल्या आणि बसल्या. यारी गेली असती तर मागचं टोक आभाळात उडालं असतं, आणि त्यावर बसलेलं माणूस आधी. हे तिथं फक्त त्यांनाच माहीत होतं.

“आप्पा, या. इथं, टोकाला. मधे न्हाय बसायचं, मधे बसून उपयोग न्हाय.”

मी गेलो. माझी बायको आली, बाळूची बायको सुनीता भाकरीची बुट्टी टाकून आली, शेजारच्या रानातले दोघं बापलेक पळत आले. अण्णा शेवटी आला. तीन माणसं एका गर्डरवर, चार दुसऱ्यावर, एकमेकांना चिकटून, सगळी टोकाकडं सरकलेली. आमच्याखाली लोखंड हळूहळू खाली गेलं. जमिनीला टेकलं, तेव्हा तो टेकल्याचा हिसका कमरेपर्यंत जाणवला.

मॅडमनी खाली ओरडायला सांगितलं, चौघांनी डब्याच्या खालून निघा, बाजूच्या भिंतीला चिकटून उभं राहा. अण्णानं हाळी दिली. खालून बाळूचा आवाज आला, “काय झालंय वं?”

“आता डबा खाली सोडा,” मॅडम ऑपरेटरला म्हणाल्या. “वर न्हाय, खाली. सावकाश. मधे ब्रेक दाबू नका, झटका बसला की वजन वाढल्यासारखं होतंय.”

डबा खाली जायला किती वेळ लागला सांगता येत नाही. मी माझ्या मांडीवरच्या बोटांकडं बघत होतो. शेजारी मॅडम थरथरत होत्या, इतक्या की त्यांच्या बांगड्या लोखंडावर बारीक वाजत होत्या. तोंडातून शब्द मात्र नीट येत होते.

दगड खाली उतरला. गड्यांनी तो डब्यातून लोटून काढला. मग दोघं दोघं वर यायचं ठरलं. माणसांचं वजन त्या दगडापेक्षा कमी होतं, पण मॅडमनी कुणाला उठू दिलं नाही. पहिल्या खेपेला दोन गडी आले. दुसऱ्या खेपेला तिसरा गडी आणि बाळू. त्याचं डोकं काठावर दिसलं आणि सुनीता हुंदका देऊन उठायला लागली. मॅडमनी तिचा हात घट्ट धरला.

“बसा. अजून पाय जमिनीला लागले न्हाईत त्यांचे.”

“सोडा ओ मला.”

“बाई, तुमच्या वजनावर तो उभा हाय. बसा.”

सुनीता बसली. तिच्या मनगटावर मॅडमच्या बोटांचे वळ पुढं दोन दिवस होते. बाळू काठावर उतरला, चार पावलं आत आला, तेव्हाच मॅडमनी हात सोडला.

त्यानंतर काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. आम्ही एकेक करून उतरलो. रिकामी यारी होती तशी उभी राहिली. उन्हात इंजिन चालू होतं, ते ऑपरेटरनं बंद केलं. मग सगळ्यांनाच थोडी लाज वाटायला लागली. शेजारचा म्हातारा धोतर झटकत म्हणाला, “पडलं तर न्हाय काय.” आणि अण्णा, ज्याचे ओठ अजून कोरडे होते, तो म्हणाला, “मॅडम, उगंच लई भीती घातलीसा सगळ्यांना.”

मॅडम घोंगड्यावर जाऊन बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं. सुनीतानं दिलं. भाकरीचा तुकडा मोडला, पण तो तसाच ताटात राहिला. जाताना विहिरीच्या काठाकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

मी त्यांना सदलग्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. निपाणीची गाडी यायला वेळ होता. उन्हं कलत होती. मी न विचारताच त्या बोलायला लागल्या.

त्यांचे वडील विहिरी खोदायचे. गावोगाव फिरणारी टोळी होती, आईही त्यातच. “चिकोडी तालुक्यात बाच्या हातच्या किती विहिरी असतील मोजता येत न्हाय,” त्या म्हणाल्या. “खोदून झाल्या की त्यांतल्या कैक विहिरींवर आम्हाला पाणी वरनं वाढायचे.” त्या सात वर्षांच्या असताना एका विहिरीवर यारी आत गेली. वडील खाली होते. ह्या मुरमाच्या ढिगावर बसून डब्यातनं बा कधी वर येतोय ते बघत होत्या.

“गावातले म्हणाले, विहिरीला बळी लागतो. आई म्हणाली, आपलं दैव. मी पण तेच धरून चालले. मग अकरावीला सरांनी फळ्यावर टॉर्क लिहिला. जोर गुणिले अंतर. दीड ओळ होती, आप्पा. मी ती वाचली आणि मला रडू फुटलं. सरांना वाटलं, मला जमंना म्हणून रडतेय. दैव न्हवतं ते. मागं दगड कमी होते. एवढंच.”

मी खाली बघत होतो. स्टँडवर कुणीतरी उसाच्या चिपाडांचा भारा टाकला होता, त्यावर शेळी चढली होती. मग मी सांगितलं. जोत्याचं, गवंड्याचं, आणि त्यांनी विचारल्यावर मी गप्प राहिलो त्याचंही.

त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. दुसरंच काहीतरी होतं. मला वाटलं, आता ह्या उठून लांब जाऊन उभ्या राहतील.

“बाच्या वेळीपण कुणीतरी दगड नेलेच असतील,” त्या म्हणाल्या. “ते कोण, मला कधी कळलं न्हाय. लहानपणी मी त्याचा चेहरा करून बघायचे मनात. लई वाईट चेहरा करायचे.” मग म्हणाल्या, “तुमच्यासारखाच असंल तो. कुठं जोतं घालत असंल.”

गाडी आली. चढताना त्यांनी पायरीवर थांबून मला सांगितलं, “अण्णांना सांगून टाका. घाबरू नका.”

मी त्या संध्याकाळी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचं ठरवून शेतावर गेलो, तर अण्णा एकटाच मोटारीच्या खोलीपाशी होता. पहार घेऊन त्यानं नवं जोतं फोडलं होतं. एकेक काळा दगड छातीशी धरून तो यारीच्या मागं नेऊन ठेवत होता. साठीचा माणूस, घामानं निथळलेला. मी सदरा काढला आणि दुसऱ्या टोकानं लागलो. दगड त्यानं ओळखले होते; ते कुणी नेले हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सगळे दगड पोचल्यावर तो त्यांच्यावर बसला आणि तोंड पंच्यात घालून रडला.

पुढच्या जूनमध्ये मॅडमची बदली झाली, खानापूरच्या पलीकडं, जांबोटीच्या जंगलातल्या एका कॉलेजात. निरोप समारंभाला पोरांनी त्यांना शाल दिली. त्यांच्या जागी जे सर आले ते हुशार आहेत, मोबाईलवर चित्रं दाखवून शिकवतात. पट्टीचा प्रयोग ते करत नाहीत. मी अधूनमधून ती पुसून ठेवतो.

दोन वर्षांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी आणि बाळू तिकडं गेलो. एसटी तिथं दिवसातनं दोनदाच. मॅडमचं बिऱ्हाड ओढ्याच्या पलीकडं, मधे लाकडी साकव. केस बरेच पिकले होते. त्यांनी आम्हाला भात-आमटी वाढली आणि बाळूनं तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या. निघताना बाळू वाकून पाया पडायला गेला, तर त्या चटकन मागं सरकल्या.

ओढ्यापर्यंत पोचवायला आल्या. पाऊस नुकताच उघडला होता, फळ्या ओल्या. “एकेकानं जावा,” त्या म्हणाल्या. मी आधी गेलो. मग बाळू. तो अंगानं चांगलाच भरलाय आता. फळ्या त्याच्याखाली वाकत होत्या, खाली पाणी लाल होऊन धावत होतं. मी ह्या काठावरून त्याच्याकडं न बघता मॅडमकडं बघत होतो. दोन्ही हातांनी त्यांनी साकवाचा पलीकडचा खांब धरला होता, अंगाचा सगळा भार त्यावर टाकून, आणि ओठ हलत होते. बाळूची पावलं मोजत होत्या.

तो पोचला. आम्ही चढ चढून रस्त्याला लागलो, मागं वळून हात केला. त्यांनी हात केला नाही. हात खांबावरच होते.